शकुबाईच्या पुढची

शकुबाईच्या जुन्या फोनवर दोनच्या कळीवर लाल टिकली चिकटवलेली होती. ती कळ दाबून धरायची. पलीकडं एकदा वाजलं की कापायचं. समोरच्याला उचलू द्यायचं नाही, आपण बोलायचं नाही. रोज सकाळी सहाला.

"एवढंच?" अबोलीनं विचारलं.

"येवढंच. पर इसरू नगं."

"नाही विसरत, आजी."

"झोपून ऱ्हाशील. कालेजातली पोरं तुमी."

"मी आता शिकवते कॉलेजात."

"मग तर लईच झोपशील," शकुबाई म्हणाली आणि गाडीत बसली.

तो रविवार होता. शकुबाईचा मुलगा दादासो तिला पुण्याला पाच दिवसांसाठी घेऊन चालला होता. सवय व्हावी म्हणून. शुक्रवारी परत यायचं, सामान बांधायचं, घराला कुलूप लावायचं आणि मग कायमचं जायचं, असं ठरलं होतं. म्हणजे दादासोनं ठरवलं होतं. शकुबाई हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. नवा टच फोन त्यानं तिच्या हातात दिला होता आणि हा जुना डबा तिकडे चालत नाही, रेंज येत नाही, म्हणाला होता. म्हणून तो अबोलीकडं आला.

अबोलीचं घर कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये शकुबाईच्या घराला लागूनच. मधे फक्त शेवग्याचं झाड. तिनं मराठीत एम. ए. केलं होतं आणि बारामतीच्या एका कॉलेजात ती तासांवर शिकवत होती. चार वाजता एस. टी.तून उतरली की आधी शकुबाईकडं चहा आणि मग घरी, हे गेली दोन वर्षं चाललं होतं. एक चोवीस वर्षांची, एक सत्त्याहत्तरची. अबोलीच्या मैत्रिणी हसायच्या. अबोलीला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

तरीही दादासोचं बरोबर आहे, असंच तिला वाटत होतं.

"मागच्या वर्षी आमच्या ऑफिसातल्या एकाचे वडील गेले," दादासो तिला म्हणाला होता. "गावाकडे एकटे होते. दोन दिवस दार बंद. तिसऱ्या दिवशी दूधवाल्यानं फोन केला. मला तसा फोन घ्यायचा नाही, अबोली. आणि इथं आईचं राहिलंय तरी कोण?"

कोणी राहिलं नव्हतं, हे अबोलीनं स्वतः पाहिलं होतं.

शकुबाईचं माहेर सुप्याकडचं, कोरडवाहू. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती या पाण्याच्या गावात आली. पाटाचं पाणी बघून पहिले आठ दिवस ती नुसती काठावर बसून राहायची, असं ती सांगे. नवरा साखर कारखान्यात होता. तिनं ऊस खुरपला, बेणं तोडलं. तेव्हा खुरपायला जाणाऱ्या अकरा जणी होत्या. आज हिच्या रानात, उद्या तिच्या. एकमेकींच्या बाळंतपणांना, भांडणांना, बारशांना त्याच अकरा. शिवाय दळणाच्या गिरणीवरच्या वेगळ्या, भजनातल्या वेगळ्या. गल्लीत शिरलं की सात दारांतून हाक यायची.

मग माणसं जायला लागली. अकरातल्या दोघी लेकीकडं गेल्या, एक अंथरुणाला खिळली, शकुबाई सोडून बाकीच्या वारल्या. गिरणी घराघरात आली. भजनाला जायचं तर देवळाच्या पायऱ्या चढवेनात. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. सात दारांतली चार कायमची बंद झाली आणि उरलेल्या तिनांत नव्या सुना आल्या. त्या चांगल्या होत्या. हसायच्या. पण त्यांना शकुबाईशी बोलायचं काय, हे कळत नसे. लग्नाच्या पत्रिका यायच्या त्या दादासोच्या नावानं.

हे सगळं शकुबाई तक्रार म्हणून सांगत नसे. मागच्या पानावरचा मजकूर वाचून दाखवावा तशी सांगे आणि चहाला साखर बेताची झाली का, विचारी.

आणि मग ती रिंग होती.

तीन वर्षांपूर्वी बारामतीत मोतीबिंदूचं शिबिर झालं होतं. तालुक्यातून, इंदापूरकडून गाड्या भरून म्हातारी माणसं आली. शकुबाईचा एक डोळा कापला, त्यावर पट्टी बांधली. दुसऱ्यातही पडदा होताच. म्हणजे दोन्हीकडून अंधार. एका लांब खोलीत सगळ्यांना उताणं झोपवलेलं. हलायचं नाही, शिंकायचं नाही, खोकलायचं नाही. दिवस की रात्र, तेही कळेना. तेव्हा पलीकडून एका बाईनं विचारलं, "कोण हाय का हितं?"

"मी हाय," शकुबाई म्हणाली.

"मी पण आहे," एक पुरुषाचा आवाज आला.

"आमी बी हाय की," दुसरा खणखणीत.

असे पाच आवाज. दीड दिवस पाच जण छताकडं तोंड करून बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी एकेकाला आत बोलावलं, पट्टी काढली, काळा चष्मा लावला आणि पुढच्या दारानं आपापल्या गाडीत बसवलं. एकमेकांचं तोंड कोणी पाहिलं नाही. तिथल्या एका सिस्टरनं तेवढे नंबर ज्याच्या त्याच्या फोनमध्ये घालून दिले.

पुढं दीड महिना डोळ्यात थेंब टाकायचे होते, दिवसातून सहा वेळा. पाचांतल्या एकाकडंच गजराचं घड्याळ होतं. ते इंदापूरचे चिंतामणराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी गजर झाला की एकाला रिंग द्यायची, त्यानं पुढच्याला, तिनं पुढचीला. एक रिंग म्हणजे थेंब टाका. फिरत फिरत रिंग परत चिंतामणरावांकडं आली की पाचही जणांचे थेंब पडले.

थेंब संपले. सकाळी सहाची रिंग राहिली. आता तिचा अर्थ एवढाच की मी हाय.

अबोलीला ही गोष्ट फार आवडली होती. पण आवडलेली गोष्ट जशी बाजूला ठेवतो तशी तिनं ती ठेवली होती. म्हाताऱ्या माणसांचा एक खेळ. दादासोच्या प्रश्नाचं हे उत्तर असू शकतं, असं तिच्या मनातही आलं नाही. न पाहिलेल्या माणसांना कोणी 'आपलं माणूस' म्हणून मोजत नाही.

सोमवारी तिनं गजर लावून सहाला टिकलीची कळ दाबली. पलीकडं वाजलं. तिनं कापलं. मंगळवारी कळ दाबली तर एक बाई आतून बोलू लागली. आपल्या सेवेची मुदत संपली आहे. जाणारे कॉल बंद, येणारेही बंद. अबोलीनं फोन उशाशी ठेवला. रिचार्ज करू दुपारी, असं म्हणाली. दुपारी परीक्षेचे पेपर आले. बुधवारी गजर वाजला तेव्हा तिनं तो बंद केला आणि कूस बदलली. चार दिवसांचा तर प्रश्न. एक रिंग नाही गेली म्हणून काय होणार होतं?

शुक्रवारी दहाच्या सुमारास दादासोची गाडी आली. शकुबाई उतरली, उंबऱ्याला हात लावला आणि वळून पहिलं हेच विचारलं.

"रिंग देत हुतीस न्हवं?"

"हो," अबोली म्हणाली.

खोटं इतकं सहज बाहेर पडलं की तिचं तिलाच ऐकू आलं.

"गुणाची हायेस," शकुबाई म्हणाली.

मग आवराआवर सुरू झाली. दादासो गाठोडी बांधून गाडीत ठेवत होता. शकुबाई अंगणात बसून डबे पुसत होती. कुठला न्यायचा, कुठला अबोलीच्या आईला द्यायचा. पुणं कसं आहे विचारलं तर म्हणाली, "बरं हाय. खिडकी मोठी हाय. खिडकीतनं दुसरी खिडकी दिसती." आणि पुढचा डबा पुसायला घेतला. अबोली गोधड्यांच्या घड्या घालत होती आणि खरं सांगायचं तर तोंड चुकवत होती.

साडेअकराला फाटकाशी रिक्षा थांबली.

आधी एक म्हातारा उतरला. धोतर, टोपी, उंचनिंच. मग एक पँट-शर्टातले, जाड भिंगाचा चष्मा लावलेले. मग एक काटकुळी बाई, नऊवारी लुगड्यातली, पायांत टायरच्या वहाणा. तिघांच्याही हातात पांढऱ्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. अबोलीनं ती गाठोडी पाहिली आणि तिला कळलंच. गावात कोणाला कळलं नसतं? मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही. तिथं भावकी आणि सोयरे असं पांढरं फडकं घेऊन जातात. त्यात भाकरी असते आणि बिनफोडणीचं पिठलं. कडू भाकरी.

टोपीवाल्यानं फाटक ढकललं आणि अंगणात बसलेल्या शकुबाईलाच विचारलं, "बाई, शकुबाईचं घर ह्येच का?"

शकुबाईचा डब्यावरचा हात थांबला.

"ती वारली ती. माती कवा झाली? आमास्नी कळवाया कुनी नव्हतं, म्हणून उशीर झाला."

दादासो घरातून बाहेर आला होता. "कोण वारलं?"

"शकुबाई."

दादासोनं आईकडं पाहिलं.

शकुबाई उठून उभी राहिली होती. तिनं त्या म्हाताऱ्याकडं पाहिलं, काही ओळख पटली नाही, आणि मग तिनं एक गोष्ट केली. तिनं डोळे मिटले.

"आजून येकदा बोला," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"मानसिंग आबा," शकुबाई मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. "सांगवीचं."

म्हाताऱ्याच्या हातातलं गाठोडं खाली आलं. चष्मेवाले गृहस्थ पुढं झाले आणि नुसते खाकरले. शकुबाई तेवढ्यावर म्हणाली, "चिंतामणराव. तुमचा खोकला गेला न्हाय आजून."

काटकुळी बाई एक शब्द बोलली नव्हती. ती सरळ चालत आली, शकुबाईच्या तोंडासमोर उभी राहिली, दोन्ही हातांनी तिचं तोंड चाचपलं. गाल, हनुवटी, कानातली फुलं. मग तिनं एक सणसणीत चापटी शकुबाईच्या दंडावर मारली.

"भवाने, मेली न्हाईस व्हय तू!"

"न्हाय गं, धोंडाबाई."

"तीन दीस झालं रडतीया मी! शेरडं सोडली न्हाईत रानात. आन् ही डबं पुसत बसलीया."

"मला काय ठावं तू रडतीयास!"

"मग रिंग का न्हाय दिलीस?"

शकुबाईनं मान वळवली. तिच्यामागं सगळ्यांच्या माना वळल्या.

"रिचार्ज संपला होता," अबोली म्हणाली. "मंगळवारी. मी केला नाही."

"मघा व्हय म्हणालीस की."

"खोटं बोलले."

आबांनी तिच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "म्हंजी हिनं मारली तुला, शकुबाई. दिसती तर गरीब."

आणि धोंडाबाई हसली. रडण्याच्या मधोमधच हसली. मग आबा हसले, चिंतामणराव चष्मा काढून हसले. शकुबाई पदर तोंडाला लावून हसत राहिली. अबोलीला मात्र हसता आलं नाही. तिच्या हातात गोधडीची अर्धी घडी तशीच होती.

चिंतामणरावांनीच नंतर समजावलं. पाचांतली पाचवी, सणसरची साखरबाई, दोन वर्षांपूर्वी अशीच एक दिवस वाजेनाशी झाली. रिचार्ज संपला असेल, असं सगळ्यांनी धरलं आणि तिला सोडून रिंग पुढं नेली. महिन्याभरानं तिच्या सुनेनं फोन उचलला. सासूबाई जाऊन महिना झाला, म्हणाली. तिच्या मातीला चौघांपैकी कोणी नव्हतं. तेव्हापासून नियम केला. रिचार्जचं निमित्त धरायचं नाही. तीन सकाळी रिंग आली नाही तर चौथ्या दिवशी जायचं. भाकरी घेऊन जायचं. दुसऱ्या कोणाचे नंबर त्यांच्याकडं नव्हतेच. गावाची नावं तेवढी ठाऊक.

"धोंडाबाईंनी काल मला लागोपाठ रिंगा दिल्या," ते म्हणाले. "थांबतच नव्हत्या. मी उचलला. तर नुसत्या रडत होत्या. मग बारामतीच्या स्टँडवर भेटायचं ठरवलं. ओळखणार कसं? पांढरं गाठोडं हातात, ही खूण."

"आन् आबांनी कुनाला धरलं इचार," धोंडाबाई म्हणाली.

"गप गं."

"लेकीच्या घरी पुरणपोळ्या घिऊन चाललेला येक मानूस. त्याच्या गळ्यात पडून ह्ये रडाय लागलं. त्यो म्हणतोय, बाबा, माझ्या लेकीचं डोहाळजेवण हाय."

"पांढरंच फडकं हुतं त्याचं," आबा म्हणाले. "माझी काय चूक?"

दादासो पायरीवर उभा होता. तो हसला नव्हता. गाडीची डिकी उघडी होती, आत आईची गाठोडी.

"पण तुम्ही आईचे कोण?" त्यानं विचारलं.

प्रश्नात उद्धटपणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. भाकरी आणतात ते रक्ताचे, नाहीतर सोयरे. ही तीन माणसं तीन गावांची, वेगवेगळ्या जातींची, आईनं कधी न पाहिलेली.

धोंडाबाईला प्रश्नच सोपा वाटला. "मी तिच्या पुढची," ती म्हणाली. आबांकडं बोट केलं. "ह्ये तिच्या मागचं. आन् चिंतामणराव माझ्या पुढचं."

बस. तिच्या लेखी उत्तर संपलं होतं.

अबोली खाली बसली. पाच वर्षं ती भाषा शिकली होती. आत्याच्या नवऱ्याला मराठीत शब्द होता, नवऱ्याच्या भावाच्या बायकोला होता, मुलाच्या सासऱ्याला होता. या नात्याला नव्हता, आणि नसल्यामुळं या चौघांचं काही अडलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या फोनमध्ये सहाशे नावं होती. आपण तीन दिवस गप्प राहिलो तर चौथ्या दिवशी कोण येईल, असं तिनं मनात विचारून पाहिलं, आणि तो विचार लगेच सोडून दिला.

"ही गाठोडी मात्र परत घेऊन जा," दादासो म्हणाला. "राग मानू नका. पण आई जिवंत आहे. मयताचं अन्न घरात नको."

"ते खरंय," चिंतामणराव ओशाळून म्हणाले.

"आणल्याली भाकरी माघारी न्हेत न्हाईत," शकुबाई म्हणाली.

"आई, अपशकुन असतो."

"कुनाला? मला? माझ्याच नावाची भाकरी हाय ही. मेल्यावर तुमी खानार, मला कुठं मिळनार हाय?" ती पडवीत फतकल मारून बसली. "सोड गं, धोंडाबाई. भूक लागलीया. पुण्यात पाच दीस पोळीच खाल्ली."

धोंडाबाईनं गाठ सोडली. बाजरीच्या भाकरी, पातळ, पदर सुटलेल्या. वस्तीवरून सुप्याच्या स्टँडपर्यंत सहा किलोमीटर ती त्या घेऊन चालत आली होती. आबांच्या गाठोड्यात सुनेनं केलेल्या ज्वारीच्या. चिंतामणराव आपलं गाठोडं सोडेनात.

"काय हो?"

"मी केल्यात," ते म्हणाले. "पहिल्यांदाच. सूनबाईला काय सांगणार होतो? कोण गेलं म्हणून विचारलं असतं. ती झोपेत असताना केल्या."

फडकं उघडलं. एकही भाकरी गोल नव्हती. एकीला तर तीन कोपरे होते, मधे जाड, कडेला करपलेली.

"भाकरी हाय का तालुक्याचा नकाशा?" आबा म्हणाले.

शकुबाईनं नेमकी तीच उचलली. तोडली, पिठल्यात बुडवली आणि खाल्ली. बराच वेळ चावत राहिली. आपल्या स्वतःच्या मरणाची भाकरी एक बाई पडवीत बसून चवीनं खात होती. शकुबाईला अबोलीनं दोन वर्षं रोज पाहिलं होतं. आज ती कोणी वेगळीच, फार मोठी बाई दिसत होती.

"मीठ इसरला, चिंतामणराव," शकुबाई म्हणाली.

जेवता जेवता आबांचं लक्ष गाडीकडं गेलं. "सामान कुठं चाललंय?"

"पुण्याला," दादासो म्हणाला. "आई आता तिकडेच राहणार. माझ्याकडे."

घास थांबले. धोंडाबाईनं शकुबाईकडं पाहिलं. शकुबाई पिठल्याकडं बघत होती.

"जाऊ द्या की," आबा शेवटी म्हणाले. "रिंग काय, पुण्यात बी वाजती. लेकाचं घर हाय."

"वाजेल," चिंतामणराव म्हणाले. ते हात धुऊन आले, पंचाला हात पुसत राहिले. "माझा धाकटा पुण्यात असतो, दादासो. अशाच सोसायटीत. मी मागं गेलो तेव्हा तो घरी नव्हता. खाली गेटवर वहीत लिहायला सांगतात. कोणाकडे जायचं, नातं काय. मी वडील असं लिहिलं तरी अर्धा तास बसवलं. तीन दिवस रिंग आली नाही आणि धोंडाबाई हे फडकं घेऊन तुमच्या गेटवर आली, तर नात्याच्या रकान्यात काय लिहायचं तिनं?"

"पुढची," धोंडाबाई म्हणाली.

कोणी हसलं नाही.

"आणि मी?" दादासो एकदम म्हणाला. त्याचा आवाज चढला. "मी मुलगा आहे तिचा. तुम्ही तीन दिवसांनी आलात. तीन दिवस! ती पडली असती, मोडली असती हाड, तीन दिवस इथं पडून राहिली असती. तुम्हाला वाईट वाटतं, मला झोप लागत नाही. रात्री फोन वाजला की हात उचलत नाही माझा."

हे शकुबाईला ठाऊक नव्हतं. तिच्या तोंडावरून ते दिसलं. ती उठली आणि लेकाजवळ पायरीवर जाऊन बसली.

"मला का न्हाय सांगितलंस?"

"काय सांगू?"

शकुबाईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "दादा, मला बी भ्या वाटतं. पर मराचं न्हाय वाटत. तितं खिडकीत बसून मी हाय का न्हाय, ह्येच मला कळंना. सकाळी सहाला जाग यायची, आन् हातात काय न्हाय. हितं रोज येक मानूस माझी वाट बघतंय. माझी रिंग गेली न्हाय तर तिचा दीस उजाडत न्हाय. तू मला सांभाळशील, लेका. पर तितं मी कुनाला सांभाळू?"

दादासो जमिनीकडं बघत होता.

"तीन दीस लई झालं, ह्ये त्याचं बराबर हाय," आबा म्हणाले. आवाज त्यांनी त्यांच्या परीनं खाली आणला होता. "साखरबाईच्या टायमाला आमी घाईत नेम केला. येकच दीस ठेवू. सहाला न्हाय आली तर दुपारच्या गाडीनं निघायचं."

"कुठं निघायचं?" दादासो म्हणाला. "घर कुठं ते आज तुम्ही विचारत आलात. तुमच्यातल्या कोणाचं घर कोणी पाहिलंय का?"

कोणीच पाहिलं नव्हतं. चौघं एकमेकांकडं बघायला लागले. तीन वर्षांत ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती.

दादासो उठला. डिकीतलं पहिलं गाठोडं त्यानं काढलं आणि ओसरीवर ठेवलं. मग दुसरं. मग मागच्या सीटवरची पेटी. तो रागात आहे की नाही, हे अबोलीला सांगता आलं नसतं.

"दिवाळीपर्यंत बघू," तो कोणाकडंही न बघता म्हणाला. "दिवाळीपर्यंतच. आता गाडीत बसा सगळे. आधी सांगवी. मग सुपे. मग इंदापूर."

"अहो, इंदापूर म्हणजे उलटं," चिंतामणराव म्हणाले. "सुप्याहून सत्तर-ऐंशी किलोमीटर. मी जाईन एस. टी.नं."

"असू द्या. मला घरं बघून ठेवायचीत. शेजारच्यांचे नंबर घ्यायचेत. प्रत्येकाच्या दोन-दोन शेजाऱ्यांचे."

"मी बी येते," शकुबाई म्हणाली. ती पदर खोचूनच उठली होती. "धोंडाबाईची शेरडं बघायचीत मला. तीन वर्सं नुसती ऐकतीया."

"तू दमशील, आई. आत्ताच पुण्याहून आलीस."

"बसूनच यायचं हाय की."

पुढं आबा बसले, त्यांचे पाय लांब म्हणून. मागं तिघं. धोंडाबाई मधे, एका हातानं शकुबाईचा दंड धरून, जिथं चापटी मारली होती तिथंच. दादासोनं आरसा सारखा केला आणि मागं बघितलं.

"धोंडाबाई," तो म्हणाला, "तुमच्या वस्तीपर्यंत गाडी जाते का?"

"जाती की. दगडं हाईत जरा."

"अबोले," शकुबाईनं काचेतून हाक मारली. अबोली धावत गेली. आता रागावेल, असं तिला वाटलं. रागवावं, अशी तिची इच्छाही होती.

"ती गठुडी आत घी," शकुबाई म्हणाली. "वरची पितळी भांडी फडताळात लाव. आन् भाकरी उरलीया, ती खा. चिंतामणरावांची नगं, ती मी संध्याकाळी खाईन."

गाडी उसाच्या कडेनं वळली. आबांचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. ते दादासोला रस्ता सांगत होते, जो त्याला लहानपणापासून पाठ होता.

अबोली अंगणात उभी होती. मग तिनं गाठोडं उचललं. ते वाटलं त्यापेक्षा जड होतं. उंबऱ्याशी तिनं ते टेकवलं, दार पूर्ण उघडलं आणि एकेक भांडं फडताळात लावायला घेतलं.